बर्लिनला गेलेले आणि भुसावळला राहिलेले

समलिंगी पुरुषांच्या चळवळीतली ज्येष्ठ पिढी आयुष्याकडे मागे वळून बघते तेव्हा त्यात परदेशप्रवास हमखास येतो. अशोक राव कवी यांचा जन्म 1947 चा. बर्लिनला पत्रकारितेचे शिक्षण घेतले, अ‍ॅम्स्टरडॅमच्या जागतिक एड्स परिषदेत प्रतिनिधी म्हणून गेले. मुंबईत 1990 साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि 1994 साली हमसफर ट्रस्ट उभा केला. वयाने त्यांच्याहून लहान असलेले बिंदुमाधव खिरे सॅन फ्रान्सिस्कोला राहिले. पुण्यात परतून त्यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढला, मराठीत 'पार्टनर' लिहिले. बाहेर मोकळा श्वास घेतला आणि तो श्वास घरी घेऊन आलो, असा या पिढीच्या आठवणींचा सूर असतो.

या माणसांचे ऋण आम्ही मानतो. ते बोलले नसते तर जळगाव-धुळ्याच्या पोराला स्वतःसाठी साधा शब्दही मिळाला नसता. पण या आठवणींतून 'मोकळे व्हायचे तर बाहेर पडा' असा धडा कुणी काढत असेल तर आमचा सवाल आहे : बाहेर पडणार कोण? पासपोर्ट, फी, इंग्रजी आणि परत आल्यावर उभे राहायला घर, एवढे सगळे कुणाच्या पदरात होते?

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, आपल्याच समाजातले, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा जगप्रवास रेल्वेच्या पासवर झाला. भुसावळहून हावडा, कन्याकुमारी, अमृतसर. अनोळखी गावात दोन दिवस कुणी ओळखत नाही, कुणी 'लग्न कधी' विचारत नाही, म्हणून ते फिरत राहिले. पुढे लग्न करावेच लागले. काका आम्हाला म्हणाले, "बेटा, सगळ्या स्टेशनांवर उतरलो, पण मुक्काम कुठंच झाला नाही." त्यांच्या बायकोनेही ते रितेपण आयुष्यभर सोसले, हे ते स्वतःच सांगतात. आजची पोरे सुरतेच्या गाडीत बसतात. पोटासाठी जातात हे खरे, पण काही जण नजरेआड होण्यासाठीही जातात.

परदेशात मोकळे होणे आणि मायदेशी दार बंद मिळणे हा अनुभव आपल्याला नवा नाही. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला गेले, पुढे लंडनला. त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. 1917 साली बडोद्याला उतरले तर राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तिथूनही हाकलले गेले. आणि 1929 साली आपल्याच चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. शेवटी वस्तीतल्याच माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. हे सगळे ज्या लिखाणात आहे त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यांना व्हिसा हवा होता तो स्वतःच्याच देशात. परदेशातला मोकळेपणा त्यांनी एकट्यापुरता ठेवला नाही. इथली व्यवस्था बदलायला ते परत आले.

समलिंगी चळवळीलाही आमचे हेच सांगणे आहे. इंद्रधनुषी झेंड्याखाली जात विरघळत नाही. 2015 साली हरीश अय्यर यांच्या आईने मुलासाठी वर हवा अशी जाहिरात दिली. धाडसाचे काम होते, देशभर कौतुक झाले. पण जातीची अट नाही म्हणतानाच त्यात अय्यर असल्यास पसंती, असेही होते. आपल्या पोराला खोली भाड्याने घेताना आधी आडनाव लपवावे लागते, मग जोडीदार. त्याला दोन्हीकडे व्हिसा लागतो.

पण बोट फक्त तिकडे दाखवून भागणार नाही. आपल्या बैठकांत अजूनही ऐकू येते : अ‍ॅट्रॉसिटी, बेरोजगारी, शिष्यवृत्ती हे आपले प्रश्न, हे शहरी सवर्णांचे फॅड. मित्रहो, 1934 साल आठवा. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, त्यात समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण हा आपला विषय नाही, असे ते म्हणाले नाहीत. पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 चा फास सोडवला तो संवैधानिक नैतिकतेच्या आधारावर. हा विचार बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मांडला होता.

आपल्याच जिल्ह्यात वंचित बहुजन आघाडीने 2024 ला रावेरमधून शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला विधानसभेची उमेदवारी दिली. तृतीयपंथी आणि समलिंगी हे प्रश्न एकच नाहीत, पण दार किलकिले झाले ते असे. ते आता वस्तीत उघडले पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वधू-वर परिचय मेळाव्यात नाव नोंदवण्याआधी पोराला एकांतात विचारा, त्याची इच्छा आहे का. नाही म्हणाला तर त्याला बांधू नका, कारण त्यात एका मुलीचेही आयुष्य जाते. लेकराला जन्मभर खोटे जगायला लावायचे आणि विहारात चौथे शील म्हणायचे, हे जमणार नाही. युवक शिबिरात एक सत्र या विषयावर ठेवा. बोलणारा बाहेरचा नको, आपलाच असू द्या.

दर 31 जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो, 1937 साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते म्हणून. त्या गर्दीत असे कितीतरी काका आपल्या शेजारी उभे राहून जयभीम म्हणत असतात. त्यांनी अजून किती स्टेशने फिरायची?

जयभीम!