विश्लेषण : आजारातून उठलेल्या भटक्या कुत्र्याला घर का मिळत नाही?

नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर दत्तकाचा मार्ग सांगितला. निवारा केंद्रात मात्र दत्तकासाठी उरतात ते बहुधा आजारातून उठलेले कुत्रे. त्यांना न्यायला कोणी येत नाही आणि त्यांचा पिंजरा रिकामा होत नाही, म्हणून पुढच्या आजारी कुत्र्याला दाखल करून घेता येत नाही.

मोकाट कुत्र्यांविषयी अलीकडे न्यायालयांनी दिलेल्या आदेशांत ‘दत्तक’ हा शब्द वारंवार येतो. त्याची सुरुवात नागपुरातून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

नागपूर खंडपीठाचा आदेश काय होता?

न्या. सुनील शुक्रे आणि न्या. अनिल पानसरे यांच्या खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी दिलेल्या आदेशानुसार, नागपूर आणि परिसरातील कोणीही सार्वजनिक ठिकाणी, उद्यानात मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे नव्हते. ज्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी कुत्रा आधी रीतसर दत्तक घ्यावा, महापालिकेकडे नोंदवावा, घरी न्यावा किंवा निवारा केंद्रात ठेवावा, असे खंडपीठाने म्हटले. नियम मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभा महापालिकेला होती.

महिन्याभरातच, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या आदेशातील सक्तीच्या भागाला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्यावर दत्तक घेण्याची अट लादता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. महापालिकेने खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असेही सांगण्यात आले. सक्ती गेली, पण ‘एवढे प्रेम असेल तर घरी न्या’ हे वाक्य गल्लीबोळातल्या भांडणांत आजही ऐकू येते.

२०२५ मध्ये काय बदलले?

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिल्ली परिसरातील सगळी मोकाट कुत्री उचलून निवारा केंद्रात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वादळ उठले. २२ ऑगस्टला न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक दिलेली कुत्री मूळ जागी सोडावीत. रेबीजची बाधा वा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. याच आदेशात दत्तकाची वाट खुली ठेवण्यात आली. प्राणीप्रेमींनी महापालिकेकडे अर्ज करावा, निवडलेल्या कुत्र्याला ओळखचिन्ह लावून तो त्यांच्या हवाली करावा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, अशी ती तरतूद आहे. प्रकरणाची व्याप्तीही दिल्लीपुरती न ठेवता देशभर वाढवण्यात आली.

मग ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून, शस्त्रक्रिया आणि लसीकरणानंतर निवारा केंद्रात ठेवायची आणि उचललेल्या जागी परत सोडायची नाहीत, असे त्यात आहे. इतर मोकाट कुत्र्याला गल्लीत परतण्याची वाट असते, यांना ती नाही. त्यांच्यासाठी केंद्राला उरलेले एकच बाहेरचे दार म्हणजे दत्तक.

आजारी कुत्र्याबाबत नियम काय सांगतात?

प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये आले, त्यांची जागा मार्च २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. दोन्हींचा गाभा एकच आहे : पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या, जिथून आणले तिथे सोडा. रेबीज नसलेल्या पण अन्य आजार असलेल्या कुत्र्याला प्राणी कल्याण संस्थेकडे द्यावे आणि संस्थेने त्यावर उपचार करावेत, हेही नियमांत आहे.

कागदावर इथे काम संपते. पण उपचारानंतरचा प्रत्येक कुत्रा सोडण्याजोगा नसतो. अपघातात पाय गमावलेला, डिस्टेंपरनंतर मानेला सतत झटके येणारा, मोतीबिंदू असलेला म्हातारा कुत्रा वर्धा रोडसारख्या रस्त्यावर किती दिवस टिकेल? शिवाय कुत्र्यांची गल्ली ठरलेली असते. दोन महिने बाहेर राहिलेल्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते आणि अशक्त कुत्रा ती भांडून परत मिळवू शकत नाही. म्हणून संस्था अशा कुत्र्यांना ठेवून घेतात. नियमाला धरून पाहिले तर ही सोय तात्पुरती. व्यवहारात ती अनेकदा आयुष्यभराची होते.

‘बरा झाला’ म्हणजे नेमके काय?

दत्तक घ्यायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचे उत्तर आजाराप्रमाणे बदलते आणि बरीचशी नामंजुरी या उत्तराच्या अज्ञानातून येते.

पार्व्हो हा पिल्लांचा काळ. रक्ताचे जुलाब आणि उलट्यांनी दोन-तीन दिवसांत जीव जातो. सलाइन, उलटी थांबवणारी औषधे आणि चोवीस तासांची देखरेख याच्या जोरावर जी पिल्ले वाचतात, त्यांच्या विष्ठेतून पुढे साधारण दोन आठवडे विषाणू बाहेर पडू शकतो. म्हणून हिंडती-फिरती दिसू लागली तरी त्यांना वेगळे ठेवतात. त्यानंतर मात्र पार्व्होपुरते हे पिल्लू निर्धोक. त्याच्यात तयार झालेली प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे टिकते. उलट रस्त्यावरून थेट उचलून आणलेले टवटवीत पिल्लू घरी आल्यावर पाचव्या दिवशी आजारी पडू शकते, कारण लागण आणि लक्षणे यांत तीन ते सात दिवसांचे, कधी त्याहून जास्त, अंतर असते. ज्या घरात आधी पार्व्होने पिल्लू दगावले आहे तिथल्या मातीत विषाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. तिथे नवे पिल्लू आणण्यापेक्षा पार्व्होतून उठलेला कुत्रा आणणे अधिक शहाणपणाचे.

डिस्टेंपरचे गणित अवघड. ताप, नाक-डोळ्यांतून स्राव आणि मग कधी आठवड्यांनी मज्जासंस्थेची लक्षणे. या आजारावर थेट औषध नाही. जो वाचतो तो शुश्रूषेमुळे. वाचल्यावरही विषाणूचे उत्सर्जन काही आठवडे, क्वचित काही महिने चालू राहू शकते, त्यामुळे लस न घेतलेल्या दुसऱ्या कुत्र्याच्या घरात त्याला लगेच नेता येत नाही. पायाला किंवा जबड्याला येणारे झटके अनेकदा कायम राहतात. पाहणाऱ्याला ते भयानक वाटतात, पण तो कुत्रा खातो, झोपतो, शेपूट हलवतो. हा आजार माणसाला होत नाही.

नागपूरसारख्या उष्ण शहरात गोचीड तापाचे रुग्ण भरपूर. गोचिडीतून शिरलेले जंतू रक्तातील प्लेटलेट कमी करतात. हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते. यातील एर्लिकिया या जंतूवर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो. पहिल्या आठवड्यातच कुत्रा उड्या मारू लागतो आणि तिथेच औषध थांबवण्याची चूक होते. रक्ताची पुन्हा तपासणी, मग वजन भरणे, मग निर्बीजीकरण या क्रमाने गेले तर दोन-अडीच महिने सहज जातात. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये दिसणारी संसर्गजन्य गाठ तर दिसायला भीषण, पण आठवड्याला एक अशा चार ते सहा व्हिन्क्रिस्टिन इंजेक्शनांनी बहुतेकदा पूर्ण जाते.

थोडक्यात, बरे होणे आणि दत्तकासाठी तयार होणे या दोन वेगळ्या तारखा आहेत. मधल्या काळात पिल्लू मोठे होते आणि मोठा झालेला कुत्रा कोणाला नको असतो.

एक पिंजरा अडला तर काय बिघडते?

समजा, एका केंद्रात ५० पिंजरे आहेत आणि आजारी कुत्रा सरासरी दहा दिवस राहतो. वर्षाला १,८२५ कुत्र्यांवर उपचार होतील. आता त्यातील २० पिंजऱ्यांत बरे झालेले, पण घर न मिळालेले कुत्रे आहेत असे धरा. उरलेल्या ३० पिंजऱ्यांत वर्षाला १,०९५ कुत्रे मावतील. म्हणजे ७३० कुत्र्यांना दारातून परत पाठवावे लागेल. ‘जागा नाही’ हे संस्थांचे नेहमीचे उत्तर अनेकदा इथून येते आणि फोन करणारा नागरिक संस्थेलाच दोष देऊन मोकळा होतो.

आवाका मोठा केला तर चित्र आणखी कठीण होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री नोंदली गेली. तुर्कीने जुलै २०२४ मध्ये कायदा करून दत्तक जाईपर्यंत सगळी भटकी कुत्री केंद्रात ठेवायचे ठरवले, तेव्हा तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा सरकारी अंदाज ४० लाखांचा होता आणि देशातील ३२२ केंद्रांची क्षमता सुमारे १ लाख ५ हजार. नवी केंद्रे बांधायला महापालिकांना २०२८ पर्यंत मुदत द्यावी लागली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक नोंदी झाल्या. शाळेच्या वाटेवर मुलाला चावा बसलेल्या पालकाला पिंजऱ्यांचे गणित ऐकवून उपयोग नाही; त्याला गल्लीत सुरक्षितता हवी आहे आणि ती मागणे चूक नाही. पण निर्बीजीकरणासाठी उचललेली कुत्री ठेवायलाही पिंजरेच लागतात. ते अडले की त्या गल्लीची पाळीही लांबते.

मग लोक नेतात कोणाला?

पिल्लू हवे, शक्यतो नर हवा, रंग उजळ असावा, केस लांब असतील तर उत्तम. नाहीतर लॅब्राडॉर विकत आणू. गावठी मादी, त्यात मोठी आणि आजारातून उठलेली असेल तर फोटो पाहून पुढे सरकतात. महाराष्ट्रात घरोघरी दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबासोबतही कुत्रा असतो; तसबिरीतल्या कुत्र्यांची जात मात्र कोणी विचारत नाही.

काही अडथळे खरेच व्यावहारिक आहेत. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागते. गृहनिर्माण संस्थांना मात्र पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव करूनही नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कुत्र्याला गच्चीवर बांधून ठेवता येत नाही, हाही नागपुरातील घरांनी आधी विचार करण्याचा मुद्दा.

दत्तक दिल्यावर जबाबदारी कोणाची?

२०२३ च्या नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे, पाळीव कुत्र्यांची मालकावर. दत्तकाच्या कागदावर सही होताच कुत्रा एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. महापालिकेच्या दृष्टीने एक डोकेदुखी कमी. पुढे कोणी विचारपूस करते का, हा प्रश्न मागे राहतो. कंटाळून कुत्रा रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण ते कलम प्राण्यापासून माणसाला होणाऱ्या धोक्यासाठी आहे. कुत्र्याला टाकून दिल्याची किंमत अजूनही एका चहा-नाश्त्याएवढीच.

त्यामुळे छाननीचा भार संस्थांवर येतो. घर पाहणे, घरातल्या सगळ्यांची तयारी विचारणे, उपचारांची फाइल आणि लसीकरणाचे कार्ड सोबत देणे, पुढच्या डोसची तारीख लिहून देणे. आजारातून उठलेल्या कुत्र्याच्या बाबतीत घेणाऱ्याने शेवटचा रक्ततपासणी अहवाल आणि निर्बीजीकरणाचा दाखला मागून घ्यावा. तो पहिले काही दिवस कोपऱ्यात बसून राहील, कमी खाईल, घरात लघवी करेल. यावरून ‘जमत नाही’ असा निष्कर्ष काढून आठव्या दिवशी परत आणणारे कमी नाहीत.

ज्यांना कायमचे नेणे शक्य नाही त्यांच्यासाठी काही संस्था तात्पुरत्या पालकत्वाची सोय देतात. तीन-चार आठवडे कुत्रा घरी ठेवायचा. औषध आणि तपासण्या सहसा संस्था पाहते. चौकातल्या कळपाऐवजी माणसांत राहिलेला कुत्रा दारावरची बेल, जिना आणि मिक्सरचा आवाज ओळखू लागतो, फोटोतही सोफ्याशेजारी बसलेला दिसतो आणि त्याच्याविषयी विचारणारा फोन येण्याची शक्यता वाढते. पिंजरा तर त्याच दिवशी रिकामा होतो.