बादली, दोरी आणि आमची शाळा

त्यांचं पोर घरी बसून शिकलं तर त्याला 'होमस्कूलिंग' म्हणतात. आमचं पोर घरी राहिलं तर सरकारी कागदावर ते 'शाळाबाह्य' होतं. वय तेच, घरी बसणंही तेच. मग फरक कुठाय? तो मी मे महिन्यात देवरूखात बघून आलो.

मी गोदीत ठेकेदाराकडं मजुरी करतो. दहावी पास. कविता वाचून ओळख झालेल्या एका बाईंनी निरोप धाडला, गावी येताय तर एक दिवस आमच्या मुलांत या, काहीतरी दाखवा. ही मुलं शाळेत जात नाहीत, आईबापच शिकवतात. शहरातली नोकरी सोडून, इथं जमीन घेऊन राहिलेली ही माणसं. चार-पाच घरांनी मिळून हातानं शिकायचा एक दिवस ठेवला होता. मी मनात शिव्या घेऊनच गेलो.

खोटं कशाला सांगू, दिवस झकास होता. नारळाच्या हिरांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून पोरं वजाबाकी शिकत होती. जुडी सोडली की दहा सुटे. हातचा म्हणजे काय ते डोळ्यांसमोर. भाकरी मोडून पाव नि अर्धा. तराजूच्या एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात तांदूळ. अंगणात मातीचा सह्याद्री करून वरून तांब्यानं पाणी ओतलं नि सप्तलिंगी कशी वाट काढते ते बघितलं. कुणाच्या हातात छडी नाही. मला माझी शाळा आठवली. तिथं हातचा मी घोकला, बघितला कधीच नाही.

माझी पाळी आली. मी एक दोरी नि पाण्यानं भरलेली बादली घेतली. बादली दोरीच्या मधोमध, दोन टोकांना दोन पोरं. जवळ उभे राहा म्हटलं, बादली सहज उचलली. आता लांब सरका. जसे सरकले तशी दोरी हाताला कापायला लागली, बादली खाली आली. पोरं चक्रावली. वजन तर तेवढंच!

पडवीच्या खांबाला टेकून एक पोरगी उभी होती. तिची आई तिथं भांडी घासायला येते. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, सुट्टी म्हणून आलेली. तिला कुणी हाकललं नव्हतं. बोलावलंही नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "जवल या, मंग हलकं व्हईल." तिला पुस्तकातला कोन ठाऊक नाही. पाणी वाहून हाताला ठाऊक आहे. मी तिला बोलावून दोरीचं टोक तिच्या हातात दिलं.

हा धडा मी कुठं शिकलो? शाळेत त्रिकोण फळ्यावर होता, माझ्या बोटांत नव्हता. गोदीत क्रेनच्या आकड्याला दोन दोर लावून माल उचलतात. दोरांमधला कोन १२० अंश झाला की एकेका दोरावर अख्ख्या मालाएवढा ताण येतो. निम्मा नाही, अख्खा. हे मला कळलं तेव्हा दोर तुटला होता नि आमच्यातल्या एकाचा पाय गेला होता. म्हणून सांगतो, हातानं शिकणं ही चैन नाही. आमच्या पोरांना त्याची गरज सगळ्यांत जास्त आहे.

पण ते घरी शिका म्हणाल तर थांबा. घरी शिकायला घर लागतं. दिवसभर मोकळे आईबाप लागतात, पुस्तकं लागतात, जमीन लागते. माझी आय काजूच्या बिया फोडून आयुष्यभर काळे हात घेऊन फिरली. तिला हे सांगितलं तर हसली. म्हणाली, "शालंत न जाता शिकतात? मंग मी पन शिकल्यालीच हाय की."

घरात हातानं शिकणं आम्हाला नवं नाही. बापाचं काम पोरानं करायचं, हीच तर आमची हजारो वर्षांची शाळा. मुंबई राज्यानं महारवतन मोडलं ते १९५८ च्या कायद्यानं. आणि मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींनी योजना आणली: पोरांनी तीन तास शाळेत बसावं, उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हटलं, लोक रस्त्यावर आले. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले नि ती रद्द झाली. हातानं शिकवा म्हणणारा प्रत्येक जण आपला दोस्त नसतो, हे ध्यानात ठेवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडं पाठवायचं म्हटलंय. चांगलंय. पण सुताराकडं कुणाचं पोर जाणार नि संगणकाकडं कुणाचं, यावर डोळा ठेवा.

शाळेचं दार आम्हाला फुकट उघडलेलं नाही. याच जिल्ह्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातला पोरगा ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला, नि वर्गात बसायला घरून गोणपाट घेऊन गेला. बाबासाहेबांनी शाळा सोडली नाही. जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं मागितलं, त्यात शेतीचं नि आरोग्याचं ज्ञान मागितलं, आणि मास्तर असा मागितला की ज्याला नांगर किंवा सुताराची तासणी धरायला लाज वाटणार नाही. हातानं शिकणं त्यांनी मागितलं, पण शाळेत. सगळ्यांच्या शाळेत.

त्या आईबापांना मी दुश्मन म्हणत नाही. शाळा पोरांना मारते हे त्यांचं म्हणणं खरंय. पण बुडत्या होडीतून उडी मारायला पोहता यावं लागतं. २००९ च्या कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक पोराला शिक्षणाचा हक्क आहे. घरशिक्षणाचं नावही त्यात नाही. तरी त्यांची पोरं पुढं मुक्त विद्यालयाची परीक्षा देऊन पार होतील. आमचं पोर शाळेतून सुटलं की थेट ठेकेदाराच्या हजेरीवर. आणि २०१७ साली पटसंख्या दहाच्या आत म्हणून राज्यातल्या सुमारे १३०० शाळा बंद करायचं जाहीर झालं. डोंगरातल्या वाडीतली शाळा गेली की पहिली पोरगी घरी बसते.

निघताना मी बाईंना म्हटलं, तुमचा हा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात भरवा. हीर, तराजू, माती, सगळं तिथं न्या. त्या बघू म्हणाल्या. बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा वाट बघायची नाही. पोरांनो, आपापल्या वाडीतल्या शाळेत जा. मास्तरांना सांगा, एक दिवस आम्ही येतो. गवंडी, सुतार, गोदीवाला, काजू फोडणारी आय, सगळे येतो. शाळा बंद करायचा कागद आला तर तिथंच बसतो.

दोरीची दोन टोकं लांब गेली की भार वाढतो. पडवीतल्या पोरीला ठाऊक होतं. शिकलेल्यांना कधी कळणार?