श्वास 20, श्वास 20, श्वास 20

तात्या गेले त्याला वर्ष होत आलं. माझे सख्खे चुलते. न्यूमोनिया म्हणून ॲडमिट केलं होतं, तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला गेले. कागदावर कारण लिहिलं, हृदयक्रिया अचानक बंद. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की चर्चा त्या एकाच दवाखान्याची होते आणि बाकीचे सगळे सुटतात.

माझं भांडण ‘अचानक’ या शब्दाशी आहे.

केस पेपरच्या नकला मागून घेतल्या. (मागितल्यापासून 72 तासांत द्याव्या लागतात, डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. ‘मिळत नाहीत’ म्हणाले तर लेखी द्या म्हणायचं.) त्यात शेवटच्या रात्रीचा तक्ता आहे. संध्याकाळी 6 ला नाडी 88, वरचं बीपी 132. रात्री 10 ला नाडी 106, बीपी 112. रात्री 2 ला नाडी 118, बीपी 98, ऑक्सिजन 93. नाडी चढतीय, बीपी उतरतंय. हे कळायला एमबीबीएस लागत नाही, बारावी सायन्सचं पोरगंपण सांगेल. आणि श्वासाच्या रकान्यात? 20, 20, 20. त्याच रात्री दीडला काकूंचा मला फोन आला होता, “धाप लागलीय रे त्यांना, एक वाक्य पुरं बोलवंना.” धाप लागलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला 20 नसतो. तो कुणी मोजलाच नाही. नाडी, ऑक्सिजन बोटाला चिमटा लावला की दिसतं. श्वास मोजायला घड्याळ धरून मिनिटभर पेशंटच्या छातीकडं बघावं लागतं. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, हा रकाना कसा भरला जातो ते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये एक गुणपत्रक काढलं आणि 2017 मध्ये सुधारलं. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध, आणि बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, एवढंच त्यात आहे. आकडा नेहमीपासून जितका लांब तितके जास्त गुण. बेरीज 5 झाली की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं, 7 झाली की आणीबाणी. तात्यांचे रात्री 2 चे गुण मी मांडले. नाडीचे 2, बीपीचे 2, ऑक्सिजनचे 2. झाले 6. श्वास मोजला असता आणि 25 च्या वर निघाला असता तर आणखी 3, म्हणजे 9. पहाटे पाचपर्यंत तीन तास हातात होते.

हे काही नवं ज्ञान नाही. 1990 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दवाखान्यातच हृदय बंद पडलेल्या 64 पेशंटचे कागद तपासले. त्यातल्या 84 टक्के लोकांची तब्येत आधीच्या आठ तासांत बिघडत चालल्याचं कागदावर नोंदलेलं होतं.

सिस्टरला दोष देणारे देतील. मी देणार नाही. ती पोरगी रात्रभर दोन वॉर्डांत एकटी पळत होती. आणि समजा तिने बेरीज केलीच असती, तरी रात्री दोनला डॉक्टरला उठवायचा अधिकार तिला कुणी लेखी दिलाय? “एवढ्यासाठी फोन केला का?” हे एकदा ऐकलं की माणूस पुढच्या वेळी सकाळची वाट बघतो.

आता म्हणतील, मशिन आणू. गादीखाली ठेवायचे सेन्सर निघालेत, बेंगळुरूची डोझी कंपनी बनवते. अंगाला वायर न लावता नाडी आणि श्वास मोजतात, बिघडायला लागलं की नर्सच्या स्क्रीनवर इशारा. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही, उलट श्वासाचा खोटा 20 त्याने बंद होईल. पण इशारा आल्यावर उठून यायला माणूस नसेल तर काय? आयसीयूच्या बाहेर बसलेल्या प्रत्येकाने मॉनिटरचा आवाज ऐकलाय. तो वाजत राहतो, कुणीतरी येऊन बटण दाबून बंद करतं.

ऑक्टोबर 2023 आठवा. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू, त्यातली 12 नवजात बाळं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं, खाटा, रिकाम्या जागा यावर बोललं गेलं, ते बरोबरच होतं. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला. त्या पेशंटच्या शेवटच्या बारा तासांच्या तक्त्यात काय लिहिलं होतं, हा प्रश्न मात्र माझ्या कानावर आला नाही.

तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री आपल्या परंड्याचे आमदार होते, तानाजी सावंत. नांदेडचं ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, हे मला माहीत आहे. त्यांच्याच काळात, 15 ऑगस्ट 2023 पासून, आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण आरोग्यमंत्री आपल्या गावचा असताना आपण काय मागितलं? इमारत, शिबिर, ॲम्ब्युलन्स. मी पण त्यातच होतो, निवेदनावर माझी सही आहे. वॉर्डातल्या रात्रपाळीला सिस्टर किती, हे आपण विचारलंच नाही. आणि इथून बार्शीला, सोलापूरला पेशंट हलवतो तेव्हा तरी त्याच्यासोबत गुणांचा कागद जातो का? ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहोत’ एवढी एक ओळ जाते. तिकडच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात.

प्रत्येक सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. आपल्याकडच्या समितीत कोण आहे ते ओळखणाऱ्यांनी त्यांना हे वाचून दाखवा. मागणी दोनच ओळींची आहे. प्रत्येक खाटेला गुणांचा तक्ता, आणि 5 गुण झाले की सिस्टरने फोन करायचा, डॉक्टरने यायचं, आला नाही तर वेळ टाकून नोंद करायची. याला टेंडर लागत नाही.

तक्त्याचा मराठी नमुना मी करून ठेवलाय. इथल्या एका डॉक्टर मित्राकडून तपासून घेतलाय. हवा त्याने इनबॉक्सला या. झेरॉक्सचे पैसे मी देतो.