मुदत संपली, पैसे कुठे?
सोलापूरचा टॉवेल-चादरीचा धंदा रोखीपेक्षा शब्दावर जास्त चालतो. यंत्रमागवाला सूत उधारीवर उचलतो, माल परगावी उधारीवर पाठवतो. कामगाराची मजुरी मात्र रोख मोजावी लागते. जिथे ओळख नाही तिथे काय करायचं, याचं उत्तर व्हायकिंग व्यापाऱ्यांनी चांदीत शोधलं होतं. १९९९ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर सुमारे ६७ किलो चांदी सापडली, तीत हजारो अरबी दिरहम होते. नाण्यावरच्या छापावर हे लोक विसंबत नसत. चांदी तागडीत तोलायची, लागेल तेवढा तुकडा तोडायचा, सुरीच्या टोकाने ओरखडा काढून कस बघायचा. आपल्या पेढ्यांनी तोच भरवसा कागदावर, म्हणजे हुंडीवर, आणला. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळत. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ लिहून देत. १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही या रूढींना हात लावला नाही. आज २००६चा कायदा सांगतो, लघुउद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत फेडा; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३च्या वित्त कायद्याने तर मुदत टळलेलं देणं प्रत्यक्ष चुकतं करेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवायची सोयही काढून घेतली. तरी गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने मागवाला तोंड उघडत नाही, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. निदान प्रत्येक बिलावर मुदत आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक त्याने ठळक छापावा.