मासे सोडण्याआधी तळ जगवा

नाग नदीच्या शुद्धीकरणाचा 1,927 कोटींचा प्रकल्प मंजूर झाल्यापासून नागपुरातली तरुण मुलं मला एकच विचारतात, ‘काका, पाणी सुधारलं की मासे सोडायचे ना?’ ही पोरं मनापासून राबतात. रविवारी सकाळी हातमोजे घालून काठावरचं प्लास्टिक उचलतात. पण मी धिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा, गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. त्यांना माझं सांगणं आहे की बादलीभर मत्स्यबीज आणून ओतू नका. त्याआधीचं काम मोठं आहे, आणि ते आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर करून दाखवलेलं आहे.

1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे कटला, रोहू, मृगळ यांचं बीज आलं. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, पण वाढतात झपाट्यानं. त्यांच्यामागून गवत्या आणि सायप्रिनस आले. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळ उकरतो. काठानं बेशरमची झुडपं माजली. अंडी घालायला आडोसाच उरला नाही, तेव्हा मरळ, वाम, शिंगी, मागूर कमी होत गेले. आमच्या आया-आत्या पाटीत घेऊन गावोगाव विकायच्या ती बारीक मासळीही आटली. घरात बाईच्या हातात येणारा पैसा त्याबरोबर गेला, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी याचं उत्तर म्हाताऱ्या धिवरांकडे शोधलं. कोणता मासा कोणत्या झाडोऱ्यात राहतो, काय खातो, हे त्यांना तोंडपाठ होतं. पतिराम तुमसरे यांच्यासारखे मासेमार पुढे आले, निमगावच्या शालू कोल्हे यांनी बायकांना संघटित केलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, कडक झालेला तळ नांगरायचा. पाऊस पडून पाणी साचलं की चांगल्या राहिलेल्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पती आणून लावायच्या. धानाची रोवणी करावी तशा बायका पाण्यात वाकून एकेक काडी चिखलात खोचतात. हात पाण्याखाली, नजर पुढच्या जागेवर. आधी हा झाडोरा धरतो, त्यात किडे-शंख येतात, मग देशी मासा टिकतो आणि पाठोपाठ पक्षीही उतरतात.

नाग नदी म्हणजे तलाव नव्हे, हे मला कळतं. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्या बुडाल्या, ते आपण पाहिलं आहे. गाळ काढावाच लागेल. पण पोकलेननं दोन्ही काठ खरवडून काढायचे आणि पात्र भिंतीत कोंबायचं, मग मासा राहणार कुठे? पहिल्या पावसात चढणीचे मासे धारेविरुद्ध वर निघतात. उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतात. त्यांना वर चढायला वाट हवी आणि पोहोचल्यावर गवत हवं. पूर वाहून जायला अडथळा होणार नाही अशा वळणांवर तरी काठ मातीचे राहू द्या.

आणखी एक. डासांसाठी म्हणून नाल्यात, तळ्यात गप्पी मासे सोडण्याचा उत्साह आवरा. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. पोट भरायला तो डासांच्या अळ्यांवर थांबत नाही, देशी माशांची अंडी-पिल्लंही खातो. डासांच्या अळ्या खाणारे बारके देशी मासे आपल्याकडे आहेतच. घरच्या काचपेटीतले परदेशी मासे कंटाळा आला म्हणून नदीत सोडणं तर कुणीच करू नये.

शहराचं सांडपाणी नागेतून कन्हानला, तिथून वैनगंगेत आणि गोसेखुर्दच्या जलाशयात जातं. तिथं जाळं टाकणारे माझेच भाऊबंद आहेत. नागेचं पाणी सुधारलं, वाट मोकळी झाली, झाडोरा रुजला, तर खालून काही मासे आपणहून वर येतील. मरळ आणि शिंगी हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तेच आधी तग धरतील.

म्हणून प्रकल्पाच्या सल्लागारांत धिवर बायका हव्यात. पावसाळ्याआधी या पोरांनी अर्जुनीला जावं, दोन दिवस चिखलात उतरून हे काम शिकून घ्यावं. आणि शिकवणाऱ्या बाईला रोजी नव्हे, तज्ज्ञाचं मानधन मिळावं.