उपचार टळतात ते केवळ अंधश्रद्धेने नव्हे

संपादक महोदय,

खेड्यातली माणसे अंधश्रद्धेपायी मानसोपचार टाळतात, हे आपल्या लेखातील मत एकांगी आहे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण आजारागणिक 70 ते 92 टक्के आढळले. एवढी तूट एकट्या देवऋषीच्या माथी मारता येत नाही. छातीतली धडधड, उडालेली झोप घेऊन माणूस आधी डॉक्टरकडेच जातो आणि गोळ्या घेऊन परततो. मनाचे विचारतो कोण? लोकलाज आहेच, पण आमच्या चिंताकी गावाहून उपचारांसाठी बीदर गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि समुपदेशन एका खेपेत संपत नाही. 2022पासून 14416 या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची फोनवरून समुपदेशनाची मोफत सेवा मराठीतही आहे. तो क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर रंगवा. उपदेश नंतर करा.

– एक वाचक, चिंताकी (ता. औराद, जि. बीदर)