पोटखराब जमिनीचे रहिवासी

कयाधूच्या काठची काळी रानं मागे टाकून हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या माळावर चढावे. पायाखाली मुरूम, आजूबाजूला कुसळी गवत, तरवड आणि दगडगोटे. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे एकच शब्द असतो: पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. या पोटखराबात ससा दिवसभर गवताच्या आडोशाला अंग चोरून बसतो. माणसाचा पाय अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही आणि मग असा उसळतो की माणूसच दचकतो.

या सशाचा एक नातलग हिमालयात राहतो. हिंगोली जिल्ह्यातल्याच नरसी नामदेव गावच्या माणसाला ती दिशा परकी नाही. इथले मानले जाणारे नामदेव महाराज थेट पंजाबपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले, तेही त्यांच्यामुळेच. आता मराठवाड्यातून केदारनाथ, तुंगनाथला दरसाल माणसे जातात. चोपत्याहून तुंगनाथ चढताना दगडांच्या राशीत काहीतरी तुरुतुरु पळते. यात्रेकरू म्हणतात, उंदीर! आणि पुढे चालू लागतात.

तो उंदीर नव्हे, पिका. वीतभर लांबी, शेपूट दिसतच नाही, कान गोल, डोक्या-खांद्यावर तांबूस झाक. वरच्या पुढच्या दातांमागे बारीक दातांची दुसरी जोडी असते, अगदी सशासारखी. ही खूण उंदरात सापडत नाही. सकाळी तो दगडावर येऊन क्षणभर निश्चल बसतो, झपकन खाली उतरून पाला तोडतो आणि तोंडात धरूनच फटीत गडप होतो. सशाला लांब पाय आहेत, तो पळून जीव वाचवतो. पिकाचे पाय आखूड, म्हणून दगडाची फट हीच त्याची सगळी भिस्त.

पिका हिवाळाभर झोपून राहत नाही. त्याच्या काही जाती उन्हाळ्यात गवत वाळवून दगडांखाली रचतात. आपण कडब्याची गंजी घालतो, तसेच. वर पडलेला बर्फ थंडी अडवतो. बर्फ कमी पडला तर आतला पिका गारठतो आणि ऊन वाढले तर तेही त्याला सोसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या पिकांवरच्या प्रयोगांत, आडोसा नसेल तर २५ ते ३० अंश तापमानातही ते काही तासांत दगावले. नरसीत एवढे तापमान म्हणजे हिवाळ्यातली दुपार. दगडांच्या पोटात मात्र उन्हाळ्यातही गारवा टिकतो. केदारनाथ अभयारण्यातल्या अभ्यासांतही दगडांचे आच्छादन आणि पिकांची संख्या यांचा संबंध दिसला आहे.

आणि नेमके हेच दगड माणसाला निरुपयोगी वाटतात. २०२३ साली एकट्या केदारनाथला १९ लाखांहून अधिक भाविक गेले. तंबू, दुकाने, वाटा यांसाठी उतार सपाट होतात. फटींत बिस्किटांची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या अडकतात. भाविकांनी जाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण नेलेला कचरा पिशवीत परत आणणे आणि पिकाला बिस्किटे न टाकणे एवढे सहज जमण्यासारखे आहे. गावच्या दिंडीत विणेकऱ्याने एकदा सांगितले तर ते यात्रेला जाणाऱ्या सगळ्यांच्या कानी जाईल.

हिमालयातल्या दगडांसारखाच आपला माळही रिकामा समजला जातो आणि त्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. मुरूम उपसायचा, प्रकल्पाला जागा द्यायची, तर बोट आधी माळाकडे जाते, कारण कागदावर तिथे काहीच नाही. पण कागदावर नसणे म्हणजे जागेवर नसणे नव्हे. २०१६ साली सिक्कीममधला पिका जनुकीय अभ्यासातून स्वतंत्र जात ठरला. तोवर त्याची गणना दुसऱ्याच जातीत होत होती. ज्या दगडांत अशी ओळख इतकी वर्षे लपून राहते, ते रिकामे कसे म्हणायचे?

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात माळावरचा ससा, तित्तर, घोरपड आणि ती कुठे राहतात ते गावकऱ्यांनी स्वतः फिरून, गुराख्यांना विचारून लिहावे. ग्रामसभेत मुरमाच्या परवानगीचा विषय निघेल त्या दिवशी सातबाऱ्याशेजारी ही वहीही उघडी असली पाहिजे.